सर्वगात्रस्तंभिनी सौदामिनी

३ फेब्रुवारी, सोमवार
भूमिका मिळाली! वाघोलीच्या स्टुडिओत एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेचं मराठी डबिंग चाललंय, त्यात मला खलनायक मिळाला. नाव रायबोकू. दोनच भागांत मरतो, पण त्याचा झटका जबरदस्त. तळवे जोडतो, अस्त्राचं नाव गर्जतो, निळी वीज सुटते आणि समोरचा जागच्या जागी लुळा. बावीस वर्षं हौशी रंगभूमी गाजवलेल्या माणसाला हे म्हणजे किस झाड की पत्ती.

बायको हेमा म्हणाली, चला, ओरडायला कारण मिळालं. स्पृहाने मात्र कानातले हेडफोन काढले. तेरावं लागल्यापासून लेक माझ्याशी 'हं'च्या पुढे बोललेली नाही. आज विचारलं, बाबा, खरंच रायबोकू तू? डोळ्यांत पाणी आलं. धूळ असावी. नारायण पेठेत फार.

५ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी २.१०
संकल्प : रोज शंभर गर्जना. बँकेतून हाफ डे. बाराव्या गर्जनेला खालच्या काकू वर आल्या. अहो, आपल्याकडे कुणाला फीट येते का, चांगले डॉक्टर आहेत ओळखीचे. कलेची जाण नाही.

स्क्रिप्टमध्ये अस्त्राचं नाव 'वीजपाश'. कसला मिळमिळीत शब्द! मी बदलून 'सर्वगात्रस्तंभिनी सौदामिनी' केलं. दिग्दर्शिका नम्रता, सव्वीस वर्षांची, अकोल्याची पोर. सरप्राइज देईन.

८ फेब्रुवारी, शनिवार
आज रेकॉर्डिंग. पडद्यावर रायबोकूचं तोंड पावणेदोन सेकंदच उघडतं. त्याचं तोंड मिटलं, वीज पडली, समोरचा लुळा झाला, तरी मी 'स्तंभिनी'वरच. नम्रता म्हणाली, सर, लिहिलंय तेच घ्या ना. मी तिला नाट्यपरंपरा समजावली. तिने ऐकून घेतली. चौदा टेक झाले. काचेपलीकडे ती आणि रेकॉर्डिंगवाला शंभू काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. शेवटी वेळ कळावी म्हणून शंभूने माइकवर एकदा 'वीजपाश' म्हणून दाखवलं. बरं म्हणाला. ट्रेनिंग शून्य.

सोमवारी पुन्हा बोलावलंय. इकडे स्पृहाने वर्गभर सांगून टाकलंय. आता माघार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ६
संकल्प : फक्त 'वीजपाश'. स्टॉपवॉच लावून दोनशे वेळा म्हटलं. जमतंय!

संध्याकाळी ७
लाल दिवा लागला, रायबोकूने तळवे जोडले आणि माझ्या तोंडून 'सर्वगात्र' निघालं. पुढच्या टेकला तेही निघेना. नम्रता म्हणाली, सर, पाणी घ्या. मग हळूच म्हणाली, शंभूचा टेक ठेवतोय, रायबोकू आता तोच करेल, तुम्ही तो झटका बसणारा पहारेकरी करा. त्याला संवाद नाहीत, जीभ लुळी पडते. एकदाच कण्हायचं. पहिल्याच टेकला ओके! अभिनयात कण्हणंच खरं अवघड.

स्पृहाने विचारलं, कसं झालं? म्हटलं, एका टेकमध्ये. खोटं कुठे बोललो?

१ मार्च, शनिवार
संकल्प : आज तिला खरं सांगायचं. सकाळी ती हसत होती, कशाला मूड घालवा. संध्याकाळी तिचा अभ्यास. मग हेमा म्हणाली, उद्या हिच्या चार मैत्रिणी एपिसोड बघायला येतायत, चिवडा करायचाय. उद्या सकाळी नक्की सांगतो.

२ मार्च, रविवार
वेळच मिळाला नाही. दहाला पोरी आल्या.

रायबोकू गरजला. पोरी किंचाळल्या. पहारेकरी 'आंऽऽ' करून कोसळला. स्पृहाने झटकन माझ्याकडे पाहिलं. घरातल्या माणसाचं कण्हणं कळतंच. मी पंख्याकडे बघत राहिलो.

शेफाली नावाची मैत्रीण म्हणाली, काका, एकदा करून दाखवा ना! चौघी माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडायच्या आत स्पृहा म्हणाली, बाबाचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीये.

घसा ठणठणीत आहे. तिलाही माहीत आहे. मी मान हलवली आणि पोरींना चिवडा वाढला.