दुसरं कार्ड

प्रिय उस्ताद,

आधी नुसतं घडलेलं लिहिते.

१. गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा बेचाळीसला, बाजारात फोटो काढत फिरताना तू माझ्या आत्याचा फोटो घेतलास. घाम पुसायला तिने डोक्याचा रुमाल क्षणभर सोडला होता.
२. तिने तो फोटो पुसायला सांगितला.
३. तू तिच्यासमोर पुसलास.
४. तोच फोटो आता प्रदर्शनात लागला आहे. पेपरातही छापून आला.

त्या गल्लीत मी तुला मुद्दाम नेलं होतं. आईबाबांमागे आत्याने मला बटणं आणि लेस विकून वाढवलं. तिने तुला एकदा बघावं, एवढंच मनात होतं. तू गुडघ्यांवर बसून विक्रेत्यांचे हात टिपत होतास. तुला ऐकू जाईल अशा बेताने ती मला म्हणाली, "जावईबापू उभे राहतात का कधी, की वरातही रांगतच आणणार?" तू हसलास. मला वाटलं, जमलं.

औषधांनी तिचे केस गेले होते. आजाराचं फक्त मला माहीत होतं. परगावच्या मुलाला तिने कळू दिलं नव्हतं. शटरचा आवाज ऐकताच तिने रुमाल ओढला. "बाळा, तेवढा पुसून टाक हं." तू कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरून बटण दाबलंस. तिने माझ्याकडे पाहिलं. कॅमेरे दुरुस्त करून पोट भरणारी मी म्हणाले, "गेला, आत्या."

गेला नव्हता. एका लग्नाचे फोटो तुझ्या हातून गेले होते, म्हणून प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातल्या दोन्ही कार्डांवर उतरेल अशी जोडणी आदल्या आठवड्यात मीच करून दिली होती. पुसताना एकाच कार्डावरचा जातो, हेही सांगितलं होतं. तुझ्या लक्षात राहिलं. माझ्या त्या क्षणी राहिलं नाही; ती चूक माझी.

पेपर बघून आत्याला मुलाचा फोन आला. "आई, मला हे पेपरात बघायचं होतं?" तेव्हापासून एकोणीस दिवस तिचं दुकान बंद आहे. परवा म्हणाली, "भिंतीवर टांगायला मी काय घड्याळ आहे गं?" आणि कूस बदलून पडून राहिली.

सोमवारी तुझा कॅमेरा दुरुस्तीला आला आणि मालकांनी तो माझ्याच टेबलावर ठेवला. गिऱ्हाइकाच्या कार्डात डोकावायचं नाही हा आमचा नियम. तो मी मोडला. दुसऱ्या कार्डावर तो फोटो आहेच, आणि त्यापाठोपाठ तू काढलेले आणखी तीनही आहेत: आत्या हाताने नको म्हणतेय, तोंड फिरवतेय, हात जोडतेय. सेकंदासकट वेळ आहे. फोटो लावायला तिची हरकत नाही म्हणून तू परीक्षकांना दिलेल्या संमतीपत्रावरची सही तिची नाही, हे तुला सांगायला नको. शनिवारी तुला त्याच फोटोसाठी पहिलं बक्षीस मिळायचं आहे, आणि समारंभाच्या सभागृहात फोटो दाखवायचा पडदा आमचं दुकान लावणार आहे. एकतर परीक्षकांना खरं लिहून तो फोटो तू स्वतः उतरव. नाहीतर तू बक्षीस घ्यायला उठशील तेव्हा हे चार फोटो ओळीने पडद्यावर येतील. आत्याला विचारलं आहे. ती म्हणाली, "दाखव. तू विचारलंस तरी." मला तर पडद्यावरचंच व्हावंसं वाटतं, हे लपवत नाही. काय ठरवतोस ते गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत लिहून कळव.

तुझी होता होता राहिलेली,
मी