तारीख नसलेले तलाव

सक्करदरा, नागपूर
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रीतीताई,

सप्रेम जय भीम. परवा, मंगळवारी, आमच्या ऑफिसातल्या जितेंद्र सरांनी भूमिका नावाच्या मुलीला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं आणि तिथून माझं सगळं फिरलं. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींनाही जय भीम. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून लिहून राहिलो.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो असं तू अजूनही सांगत फिरतेस. नाही वं. उपग्रह वरून जमिनीची जी चित्रं काढतो, ती आम्ही जपून ठेवतो आणि मागेल त्याला देतो. वैताग नुसता. आमच्या चित्रात नागपुरातला अख्खा महाल भाग बोटभर दिसतो, आणि लोक फोन करतात की माझी गाडी कुठं उभी आहे ते दाखवा.

भूमिका मात्र तशी नाही. ती विद्यापीठात संशोधन करते, आपल्याकडचे तलाव किती लहान झाले यावर. चित्रं न्यायला यायची, चहा घ्यायची, माझ्या विनोदांवर हसायची. बाकी काही नाही. तू लगेच आईला सांगू नको.

सोमवारी तिचं सेमिनार होतं. तलाव वीस वर्षांत निम्मे झाले, असं तिनं दाखवलं. तिच्या गाइडनं एवढंच विचारलं की चित्रं कोणत्या महिन्यातली. तिला सांगता येईना. मग आजूबाजूच्या शेतांवरून गाइडनंच ओळखलं, जुनी सगळी दिवाळीच्या आसपासची, नवी सगळी मे महिन्यातली. मे महिन्यात तलाव आटणार नाही तर काय होणार? लोक हसले.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली. फाइलींच्या नावात तारीख काहून नव्हती, असं विचारलं. सर म्हणाले, "आमच्याकडून तारखेशिवाय फाइल जातच नाही मॅडम. नावं तुम्हीच बदलली असतील." वरून तसं तिच्या गाइडलाही कळवलं.

आता ती नावं तरी कशी असतात! उपग्रहाचं नाव, जमिनीच्या पट्ट्याचा नंबर, तारीख, आणखी दहा आकडे, मालगाडीसारखी लांब. कोण वाचतं? कुणी तिला सोपं जावं म्हणून नुसतं तलावाचं नाव आणि साल ठेवलं, तर त्यात एवढं काय...

बरं. मीच ठेवलं. चित्रंही मीच निवडली. पावसाळ्यातली ढगांनी भरलेली, तिला तशी कशी द्यायची? स्वच्छ, सुंदर दिसतील ती काढली. महिना बघितलाच नाही.

आणि सर बोलत होते तेव्हा मी गप्प बसलो, ताई. एचओडीच्या टेबलावर हात आपटून कॉलेज सोडणारा मी. जिन्यात ती मला म्हणाली, "तू तरी सांग गा त्यायले, मी खोटी नाही." मी म्हटलं, सांगतो. तिला माझा संशयसुद्धा आला नाही, याचाच जास्त राग येतो.

काल सरांना सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. पुन्हा हा विषय काढला तं उद्यापासून येऊ नको." आज दुपारी तिचं संशोधन थांबवायचं की नाही हे तिच्या विभागात ठरणार आहे. आणि मी ऑफिसात बसून लोकांना त्यांच्या गाड्या शोधून देऊ?

मूळ फाइली, तारखांसकट, पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत. तिच्या गाइडसमोर ठेवतो आणि कुणी काय केलं ते तिच्यासमोरच सांगतो. नोकरी जाईल. ती पुन्हा चहाला येणार नाही, तेही कळतं मला. आई म्हणेल, हेही अर्धवट सोडलं. म्हणू दे. तू मात्र आज फोन करू नको, मी उचलणार नाही.

चपला घातल्या. दार ओढून घेतो आणि निघतो.

दोन दिवस उशिरा तोंड उघडणारा,
तुझा प्रशिक