टेकाडावरचं खिंडार

प्रिय दादा,

बाबांची तब्येत ठणठणीत आहे, हे आधीच सांगते, उगाच काळजी नको. उलट जरा जास्तच ठणठणीत! रोज सकाळी चहा झाला की कोयता घेऊन घरासमोरच्या वाळूच्या टेकाडावर जातात आणि झुडपं तोडतात.

हो, तीच झुडपं, ज्यांना हात लावला म्हणून आपण दोघांनी मार खाल्लाय. आयुष्यभर बाबांनी किनारा राखला. समुद्राच्या बाजूला मर्यादवेल, मग गवत, मग वाऱ्यानं कुबड आलेली ही बुटकी झुडपं. वाळलेलं खोडही उपटू द्यायचे नाहीत, मेलेलं मूळसुद्धा वाळू धरतं म्हणायचे. आणि आता हिरवीगार झुडपं तोडतायत, तीही बरोबर आपल्या दारासमोरच्या पट्ट्यातली. डॉक्टरीणबाई म्हणतात, विसरभोळेपणा वाढणारच, अडवू नका. शेजारची मावशी म्हणते, कोयता लपव. लपवला, तर जेवलेच नाहीत. दिला परत. ते दुपारी झोपले की मी तिथंच नवी रोपं लावते. संध्याकाळी तेच त्यांना पाणी घालतात, कुणी लावली म्हणून कौतुक करतात आणि सकाळी तोडतात! हसू की रडू, तूच सांग. वाळू अंथरुणात, पिठाच्या डब्यात. परवा तर दारच उघडेना.

काल माझं डोकं फिरलं. ओरडलेच त्यांच्यावर. ते शांतपणे म्हणाले, पोरगं बोटीवरून उतरलं की याच वाटेनं येतं, झुडपं माजली तर त्याला घर कसं दिसणार? मी रोज डोळ्यांसमोर, तर मला अहो बाई म्हणतात. तुझी वाट मात्र पाठ! फार राग आला मला, तुझासुद्धा. या वाटेनं परत येऊ नकोस असं त्यांनीच तुला बजावलं होतं, ते साफ विसरलेत. तू विसरलास का, मला माहीत नाही. तू आलास तर ते कोयता ठेवतील का, तुला ओळखतील का, तेही माहीत नाही. मला काहीच कळेनासं झालंय.

आज दुपारी रोपं घेऊन गेले. बाबांनी तोडून पाडलेल्या खिंडारातून बोटीच्या धक्क्यापर्यंतची सगळी वाट दिसत होती. बराच वेळ मीही बघत बसले, आणि रोपं न लावताच परत आले. दादा, लवकर ये रे. वाळू उंबऱ्याला लागलीये.

तुझीच,
छोटी