गाईची सबब

नवनाथ,

मी गाय घेऊन घोडेगावच्या बाजाराला चाललोय, विकूनच येईन. बापाची वाट बघू नका, ऊन चढायच्या आत निघा. तुझ्या कॅराव्हॅनच्या टाकीत पाणी भरलंय. दीपा सूनबाईला सांग, भाकरी चुलीपाशी फडक्यात बांधल्यात. मीच थापल्यात, जाड झाल्यात. समुद्रावर पोरीचा हात सोडू नका. किल्ली शेजारी राहीबाईकडं द्या.

गाय विकली तरी मी तुमच्यासंगं येत न्हाई. का, ते तोंडानं सांगवलं न्हाई म्हणून लिहितोय.

गेल्या मे महिन्यात तू अशीच गाडी दारात आणलीस. तुझ्या आईनं दोन लुगडी पिशवीत भरली हुती. समुद्र बघायला चालले म्हणून सगळ्या आळीत सांगून आली हुती. मी म्हणालो, तू गेलीस तर धार कोण काढील, गाय मला जवळ येऊ देत न्हाई. तुला ते पटलं अन् तू तिला ठेवून गेलास. पुढं आषाढात तुझी आई वारली.

तू कंपनीतला मानूस, गोठ्यात डोकावत न्हाईस. गाय तवा गाभण हुती, दूध कधीच आटलं हुतं. धार काढायचीच नव्हती. चार दिवस हातानं भाकर थापायचा मला कंटाळा, एवढंच.

तुझ्या आईला हे ठावं हुतं. तरी तुझ्यासमोर तिनं लुगडी पेटीत ठेवली, अन् धारेची चरवी उचलून त्या आटलेल्या गाईकडं गेली.