बाबांनी निवडलेली कुत्री

प्रिय ठिणगी,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच सोडून देतेस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलेय. आधी मुद्द्याचं सांगते. बाबांसाठी कुत्रं कुठून आणायचं ते रविवारपर्यंत ठरवायचंय, आणि बाबांनी असा काही घोळ घालून ठेवलाय की तो तुझ्याशिवाय कुणालाच निस्तरता येणार नाही. हसू नकोस. मी अजिबात गमतीच्या मूडमध्ये नाही.

बाबांना ऐकू येत नाही. तू म्हणशील, त्यात नवीन काय, त्यांनी कधी कुणाचं ऐकलंय! पण हे खरंच. डावा कान पूर्ण गेलाय आणि उजवा त्याच वाटेवर आहे. मागच्या महिन्यात ते दुकानाच्या शटरच्या कुलपात तेल सोडत रस्त्याच्या कडेला ओणवे बसले होते, आणि मागून टेम्पो रिव्हर्समध्ये येत होता. टेम्पोचा भोंगा चालू, लोक ओरडतायत, आणि बाबा आपले शांतपणे तेलाचे थेंब सोडतायत. मी पलीकडच्या फुटपाथवर हातात पिशव्या घेऊन उभी होते. ओरडले असते तरी उपयोग काय होता? शेजारच्या न्हाव्याने धावत येऊन त्यांना कॉलरला धरून ओढलं. बाबा उठले ते त्या बिचाऱ्यावरच उखडले, शर्ट उसवला म्हणून. कानाचं यंत्र आणून दिलं, तर ते आता स्प्रिंगांच्या डब्यात पडलंय. कानात किडा गुणगुणतो म्हणे. त्यात महिनाअखेरीला माझी परगावी बदली होतेय. साहेबांच्या फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं होतं, तरी ती टळली नाही. म्हणून कुत्रं. कुणी आलं तर कपडे ओढून सांगणारं, रस्त्यात पट्टा खेचून बाजूला घेणारं, चांगल्या कानांचं कुत्रं.

तेव्हापासून आम्ही दारोदार हिंडतोय. बाबांची परीक्षा पद्धत तुला सांगायला नको, तूही त्यांच्याच हाताखाली शिकलीस. पिल्लू दिसलं की त्याच्या मागे जायचं आणि किल्ल्यांचा तो भलामोठा जुडगा दाणकन फरशीवर टाकायचा. जे दचकलं ते बाद! कुलूपवाल्याच्या दुकानात दिवसभर ठोकाठोक आणि मशीनची करकर, तिथे भित्र्याचं काम नाही, हा त्यांचा सिद्धांत. बेकरीवाल्याची पाचही पिल्लं भट्टीमागे पळाली, सगळी नापास. मग मी त्यांना जातिवंत पिल्लं विकणाऱ्या एका ब्रीडरकडे नेलं. तिथे एक तपकिरी पिल्लू होतं, इतकं तल्लख की गेटची कडी वाजायच्या आत त्याची मान वळायची. मला तेच हवं होतं आणि अजूनही हवंय. बाबांनी जुडगा टाकला, पिल्लाने टुणकन उडी मारली, आणि बाबांनी नाक मुरडलं. ब्रीडर इतका वैतागला की आम्हाला हाकलायचाच बाकी होता. मी हातापाया पडून ते पिल्लू सोमवारपर्यंत राखून ठेवायला लावलंय. चांगल्या कानांचं कुत्रं दचकणारच, हे या माणसाला कोण समजावणार? तू असतीस तर भांडून पटवलं असतंस. तू घर सोडायच्या आधी डिजिटल कुलपांवरून तुम्हा दोघांचं पेटलं तेव्हाही दुकानात त्यांच्या आवाजाला आवाज फक्त तूच देत होतीस.

शेवटी गेल्या रविवारी आम्ही गावाबाहेरच्या प्राण्यांच्या शेल्टरमध्ये गेलो. जाळीच्या एका खोलीत एक मोठी, पांढरी कुत्री पाठमोरी बसली होती. बाबांनी जुडगा टाकला. आख्खं शेल्टर भुंकायला लागलं, पण ही ढिम्म. शेपूटही हलली नाही. बाबांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! हीच, म्हणाले, हिच्यासारखी धीराची दुसरी मिळायची नाही. शेल्टरच्या बाई मागून सांगत होत्या की काका, ती बहिरी आहे हो, पण बाबांना ते कुठलं ऐकू यायला! शेवटी मी त्यांच्यासमोर उभी राहून सावकाश ओठ हलवून सांगितलं. मला वाटलं, आता ओशाळतील. ते तर जाळीला वळसा घालून तिच्या समोर गेले आणि खाली बसले. तिने मान वर केली, बाबांकडे पाहिलं, आणि उठून थेट जाळीला नाक लावलं. बाईंनी सांगितलं, दोन घरांनी तिला परत आणून सोडलंय. हाक मारली तर वळत नाही, उद्धट आहे, अशी तक्रार. ती बहिरी आहे हे त्या घरांत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी घरी येताना खूप चिडले. घरात दोन बहिरे आणि बाहेर टेम्पो, हा काय तमाशा आहे? बाबा हट्टाला पेटलेत. पण शेल्टरचा एक नियम आहे. अशी कुत्री द्यायची तर घरात राहणारं, नीट ऐकू येणारं एक माणूस लागतं, आणि त्याने स्वतः येऊन तिला आवारात फिरवून दाखवावं लागतं. या रविवारी कुणी आलं नाही, तर तिला दुसऱ्या शहरातल्या केंद्रात हलवणार आहेत, आणि सोमवारी मी बाबांच्या मनाविरुद्ध ते तपकिरी पिल्लू उचलून आणेन. बाईंनी बाबांच्या समोर येऊन विचारलं, घरात कोण असतं? बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, माझी धाकटी आहे ना, ती येईल. मी त्यांना खोडून काढलं नाही.

पण हे पत्र मी कुत्रीसाठी लिहीत नाहीये. बाई त्या दोन घरांबद्दल सांगत होत्या तेव्हा मला तू आठवलीस. घर सोडलंस त्या दिवशी दुकानाच्या दारात उभी राहून तू म्हणाली होतीस, बाबा, थांबवा ना मला. आणि त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, हे तू मला रडत सांगितलं होतंस. बाबा मात्र इतकी वर्षं एकच सांगत आलेत, पोरगी एक शब्द न बोलता गेली. मी दोघांचंही ऐकायचे आणि यातलं खरं काय ते मला कळायचं नाही. आता आठव, बाबा भिंतीकडे तोंड करून बसतात, समोर मशीन चालू, आणि दार डाव्या हाताला. मी काल कानाच्या डॉक्टरांना मुद्दाम विचारून आले. ते म्हणाले, डावा कान हल्ली गेलेला नाही, बरीच वर्षं झाली. ठिणगे, त्यांना तू ऐकूच आली नव्हतीस गं. हे मी बाबांना सांगितलेलं नाही, ते तुझ्याच तोंडून कळायला हवं. रविवारी ये. कुत्रीचं मागाहून बघू. आधी त्यांच्या समोर उभी राहा आणि दारातून जे म्हणाली होतीस तेच सावकाश परत म्हण. आता ते ओठ वाचतात.

वाट बघणारी, तुझीच,
ताई