टेबलाखालच्या विटा

प्रिय ठमे,

तू दिलेली गरम पाण्याची पिशवी हल्ली कपाटातच पडून असते. बेकरीत मात्र तुझं नाव रोज निघतं. भट्टी सांभाळणारे दाजी परवा पावाला आलेल्या गिऱ्हाइकाला हात धरून आत घेऊन आले आणि दाखवलं, या टेबलाखालच्या विटा यांच्या लेकीने घातल्या. मी मैदा मळत होतो. मान वर केली नाही, पण कान तिकडेच होते.

पाठ दुखणं हा आमच्या धंद्याचा शिक्काच, असं मी धरून चाललो होतो. दाजी म्हणायचे, पाववाल्याची पाठ म्हणजे जुनी बिजागरी, कुरकुरणारच. शाळेत गुरुजी अंगठे धरून उभं करायचे, तेव्हा वाकलो नसेन तेवढं त्या टेबलाने मला वाकवलं. तुझी आई तेल चोळायची, मी शेक घ्यायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. देवापुढे वाकतानाही भिंतीचा आधार लागायचा. मी म्हणायचो, देवा, एवढ्यावर भागव.

सुट्टीत तू डबा घेऊन आलीस आणि पोत्यावर बसून नुसती बघत राहिलीस. मला वाटलं, बापाचं कसब बघतेय; जरा जोरातच मळलं. तू म्हणालीस, "बाबा, तुमची पाठ चांगली आहे. टेबल बुटकं आहे." सगळे हसले. मग मालकांनाच आठवलं, ते टेबल त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या मापाने करून घेतलं होतं, आणि वडील जेमतेम माझ्या खांद्याला लागायचे. तरी उंच केलं तर टेबल डगमगेल अशी मालकांना धास्ती. तू टेबलाच्या पायांखाली विटा सरकवल्यास, वर चढून बसलीस, पाय हलवत त्यांनाच विचारलंस, डगमगतंय का?

पाठ काही एका रात्रीत सुधारली नाही. तू सांगितल्याप्रमाणे पाव भट्टीत गेले की मी बाहेर एक फेरी मारतो, पोतं उचलताना गुडघ्यात वाकतो आणि अंगाशी धरतो. पुढे एका सकाळी देवापुढे वाकलो, कपाळ जमिनीला टेकलं, तेव्हा लक्षात आलं, भिंतीला हात लावलाच नव्हता. देवाचे आभार मानले आणि लगोलग तुझेही. त्याला राग आला नसावा.

काल तुझ्या आईने सांगितलं, की शिवणाच्या कारखान्यात तुझं मनगट दुखतं, झोपेत बोटांना मुंग्या येतात, आणि आपल्या हातात कसबच नाही म्हणून तू काम सोडायला निघालीस. पोरी, बापाचं टेबल दिसलं, स्वतःचं दिसलं नाही? मुंग्या अंगावर काढू नकोस, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव. ते काही शेकून भागणारं दुखणं नव्हे. काम ठेवायचं की सोडायचं, ते तू ठरव. पण त्याआधी मशीनपुढे बसून बघ, कोपर मशीनच्या पाटाच्या उंचीला येतं का. येत नसेल तर सोबत पाठवलेले चार लाकडी ठोकळे खुर्चीखाली घाल. खाचा पाडून घेतल्यात, खुर्चीचे पाय घसरणार नाहीत. मुकादम हसला तर हसू दे, आमच्याकडेही हसले होते. वर बस, पाय हलव आणि विचार त्याला, डगमगतंय का.

तुझाच,
भिंत सोडलेला बाबा