नाव नसलेला पाना

बाबा, जिनिंगमधला कापसाच्या गाठी दाबायचा जुना प्रेस यंदा भंगारात निघाला. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हाला सांगावी असं वाटलं. वाशीममध्ये त्या प्रेसचा फिटर म्हटलं की अजून तुमचंच नाव निघतं.

छप्पनला आपण दीक्षा घेतली आणि तुम्ही हत्यारांची पूजा सोडली. धुणं मात्र सोडलं नाही. खंडेनवमीला गल्लीभर हत्यारांना हळदकुंकू लागायचं, आणि आपल्या ओसरीवर तुम्ही परातीत राकेल ओतून एकेक पाना घासत बसलेले. आई म्हणते, "भाकरीची परात हाय थे." तुम्ही मान वर न करता म्हणता, "मंग? याहीच्याच जोरावर त भाकर येते." मग पाने ओळीनं मांडायचे आणि प्रत्येकाची कुळी सांगायची. ओळीत सगळ्यात पुढे तो हातभर लांबीचा, काळा, वजनदार पाना. त्याच्यावर ना आकडा, ना छाप. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हा विलायती. याच्या कंपनीले नाव टाकाची गरज नाई पडत, इतकी मोठी हाय थे."

मी ते शब्दशः धरून बसलो. तुमच्यामागं शब्दकोश घेऊन इंग्रजी शिकलो, मुंबईहून जुने कॅटलॉग मागवले. पुढे बाजारात सगळं मिलिमीटरचं आलं आणि इंची पाने किलोवर विकले जाऊ लागले, तेव्हा मी ते गोळा करत सुटलो. रिठदच्या विहिरींवरच्या बंद इंजिनांचे, पोहरादेवीच्या यात्रेत जुनं लोखंड मांडून बसणाऱ्याकडचे. जुन्या इंग्रजी पान्यावरचा आकडा तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले पाने काळेच सुटले, त्यांना चकाकी चढवायला धातू नव्हता. जर्मन पाना दांड्याच्या बाकावरून ओळखू येतो. हे इथं मला कुणी शिकवलं नाही आणि इथं दुसऱ्या कुणाला येतही नाही. पण तुमच्या पान्याचा कारखाना सापडेना. कॅटलॉगमागून कॅटलॉग संपले. मी मानून चाललो होतो, की माझंच ज्ञान अजून तिथवर पोचलं नाही.

प्रेस खोलताना ठेकेदार मोठ्या खांबाच्या वरच्या नटापाशी अडला. त्याचा एकही पाना बसेना. गॅसनं कापतो म्हणाला. मी म्हटलं, थांबा, आणि घरून हातगाडीवर माझे मोठे पाने नेले. इंची लावले, मिलिमीटरचे लावले. एक बसेना, त्याच्या पुढचा घसरे. ठेकेदार म्हणाला, "भाऊ, इतके पाने काय लोनचं घालाले जमा केले?" माणसं हसली. आता तुमचा तेवढा राहिला होता. मी तो वर चढवला आणि नटावर नेला. तो आवाजसुद्धा न करता बसला, बाबा. मी हात सोडला तरी हलला नाही. एकदा ओढलं, आणि इतक्या वर्षांचा नट सुटला. आट्यांत ग्रीस अजून ओलं होतं.

खाली बॉयलरवर कोळसा टाकायचे ते काका उभे होते. आता काठी टेकतात. म्हणाले, "सुटनारच. नट त्यानंच केला अन् पानाबी त्यानंच."

मी म्हटलं, "कोनं?"

"तुह्या बापानं, अजून कोनं? लढाईत नट फाटला, विलायतेहून दुसरा येईना. जुन्या आसाचं पोलाद होतं, त्यात जेवढा बसला तेवढा नट केला. मंग त्याले पाना कुठचा लागते? थोबी केला."

"मंग विलायती काहून म्हनत होते?"

"साहेबाले सांगतलं असतं का आपल्या मानसानं केला, त त्यानं प्रेस चालू करू देला नसता. म्हून विलायती."

"अन् मले काहून नाई सांगतलं?"

"तुले? तुह्यं तोंड हाय का जिनिंगचा भोंगा?"

मी मजुरी घेतली नाही, नट मागून घेतला. घरी कॅलिपर लावला. सहाही बाजू कानशीनं काढलेल्या, आणि समोरासमोरच्या तिन्ही मापांत केसाइतकाही फरक नाही. पुन्हा लावला. मग दिवा जवळ घेऊन नुसता बघत बसलो. विलायतेतले इतके कारखाने मी धुंडाळले, आणि हे इथं, आपल्या गावात, एका माणसाच्या दोन हातांनी झालं होतं.

आता नट आणि पाना ओळीत पुढे आहेत. माझ्याकडे अक्षरांचे ठसे आहेत. परवा तुमचं नाव पान्याच्या दांड्यावर उठवायला बसलो. पहिला ठसा धरला, हातोडी उचलली, आणि खाली ठेवली. आई म्हणाली, "बरं केलं. त्याहीले नसतं आवडलं." मी मान डोलावली. तिला खरं सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो: त्या पोलादावर माझी अक्षरं एका रेषेत येतील याचा मला भरवसा वाटला नाही.